बारीक तारांची चाकं

शुक्रवार पेठेत कुंडलिक मिस्त्रीचं सायकलीचं दुकान होतं आणि त्या दुकानात एक भांडण कायमचं मुक्कामाला होतं. भांडण चाकातल्या तारांचं. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "मिस्त्री, जाड तार घाला, टिकली पायजे." कुंडलिक म्हणायचा, "टिकायला पायजे असंल तर बारीक घाला." झालं. ह्यानं नांगराला शेळी जुंपायला सांगितल्यासारखं गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत राहायचं.

आता कुंडलिकाचं म्हणणं असं, की जाड तार ताठ असते. खड्ड्यात चाक आपटलं की ती दबत नाही, आणि जी दबत नाही ती एक दिवस हबाजवळ, वाकवलेल्या मानेत मोडते. बारीक तार धक्का खाते आणि परत जागेवर येते. फक्त सगळ्या तारांचा ताण सारखा पाहिजे, आणि तो सारखा करणारा हात पाहिजे. हात कुंडलिकाकडं होता. चाक टांगून तो एकेक तार नखानं छेडायचा, कान लावून ऐकायचा, आणि सगळ्या तारा एका आवाजात बोलल्या तरच चाक खाली उतरवायचा. पण ऐकून घेतंय कोण? पंधरा वर्षं जो तो जाड तारच मागत होता आणि पोटासाठी हा बाबा जाड तारच घालत होता.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर सिदू एक जुनी सायकल ढकलत दुकानात आला. सिदू गिरणीत कामाला. तो आणि कुंडलिक दोघं सांगोल्याकडचे, एका वाडीतले. सिदूच्या घरी मेंढरं, कुंडलिकाच्या घरी कोरडवाहू रान. कुंडलिकाची आई लहानपणीच गेली, तेव्हा सिदूच्या आईनं, केराबाईनं, दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवलं होतं. सोलापूरलाही दोघं एकाच एसटीनं आले. सख्खा भाऊ असता तर त्याच्याशी भांडण तरी झालं असतं. ह्या दोघांचं तेवढंही कधी झालं नव्हतं.

सायकल होती गिरणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाची, लढाईच्या आधी विलायतेहून आलेली. साहेब गेला, सायकल चार हात फिरत सिदूकडं आली. सांगाडा अजून खणखणीत, पण चाकांचं पार भुसकट झालेलं. रिमेला बोट लावलं की गंज हातात यायचा.

"कुंडल्या, हिच्यावर सात दिस बसणार हाय मी," सिदू म्हणाला. "पाय न टेकता."

त्या वेळी ही एक मोठी हौस होती. पटांगणात गोल आखायचा, मधोमध खांब रोवून कर्णा बांधायचा, आणि एका गड्यानं सात दिवस, सात रात्री सायकलीवरून खाली न उतरता त्या गोलात फिरायचं. जेवण सायकलीवर, डुलकी सायकलीवर, अंघोळही सायकलीवरच. तेवढ्यापुरती एका बाजूला कनात लावलेली असायची. लोक बायकापोरं घेऊन बघायला यायचे. ह्या खेपेचा सगळा घाट घातला होता गुरप्पा मंडपवाल्यानं, आणि तोही सिदूच्या मागोमाग दुकानात येऊन बसला होता.

"ओझ्याच्या सायकलीची चाकं घाला," गुरप्पा म्हणाला. "जाड रिम, जाड तार. हत्ती बसला तरी काय व्हत न्हाय."

बाजारातली नवी चकचकीत रिमही त्यानं बरोबर आणली होती. कुंडलिकानं ती अंगठ्यानं दाबून बघितली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवली. "ही दिसायलाच. आणि ओझ्याची चाकं ओझ्याला बरी, ती सरळ रस्त्यानं जात्यात. हितं सात दिस एकाच अंगाला वळायचं हाय. चाक एकाच कुशीवर निजल्यागत व्हतंय. ताठ तार पयली मोडंल."

मग तो शिडीवर चढला आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेल्या दोन रिमा काढल्या. विलायतीच, त्याच्या वस्तादानं मरताना दिलेल्या. बारा वर्षं त्यानं त्या कुणाला दाखवल्याही नव्हत्या. "ह्या घालतो. पुढं बत्तीस तारा, मागं चाळीस. समद्या बारीक."

"ब्याड रे बाबा," गुरप्पा कानडीत नको नको म्हणत हसायला लागला. "सुतळीवर माणूस बसवतो काय?"

कुंडलिकानं सिदूकडं बघितलं. पंधरा वर्षांत कुणीतरी एकदा हो म्हणावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. सात दिवस ही चाकं सगळ्या सोलापूरच्या डोळ्यांदेखत फिरली असती, तर पुन्हा आयुष्यात त्याला कुणाशी वाद घालावा लागला नसता.

सिदूनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चाकाचं कुंडलिक म्हणंल तेच. माझा जीव त्याच्या चाकावर."

कुंडलिकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून चार दिवस तो त्या दोन चाकांना चिकटून बसला. हबात नवे छर्रे, नवं पिवळं ग्रीस, नवे टायर. बायको, सोजरबाई, म्हणायची, "लगनात माझ्याकडं बी यवढं निरखून बघितलं नसंल." तो हसायचा आणि परत तार छेडायचा.

सोमवारी सकाळी नारळ फुटला आणि सिदू फिरायला लागला. दुपारपर्यंत पटांगण भरलं. कर्ण्यावरून गुरप्पाचा आवाज येत होता, "चाकं बांधणार, कुंडलिक मिस्त्री, शुक्रवार पेठ." कुंडलिक पाना घेऊन गोलाच्या कडेला बसला होता, न जाणो काही लागलं तर. सात दिवस तिथंच बसायचा त्याचा बेत होता. पण दिवस मावळताना सिदू फिरत फिरत त्याच्याजवळ आला. "कुंडल्या, घरी जा गड्या. तू समोर बसलास की मलाच उतरून तुझ्याजवळ बसावंसं वाटतंय." ह्या भोळ्यानं ते खरं मानलं आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर चाकं सजवलेली. तारांमध्ये रंगीत कागद असे गच्च विणले होते की तार दिसायची सोय नव्हती. "पब्लिकला मिस्त्रीची चाकं उठून दिसली पायजेत," गुरप्पा म्हणाला. कुंडलिकाला काय सांगावं एवढा आनंद झाला. घरी जाऊन सोजरबाईला ओढून घेऊन आला आणि म्हणाला, "बघ, माझ्या चाकांची पूजा बांधल्या."

सात दिवस झाले. सिदू उतरला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग कुंडलिकालाही मांडवात बोलावलं आणि फेटा बांधला. सिदूनं सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. "म्या काय केलं न्हाय," तो कर्ण्यात म्हणाला, "केलं ते ह्याच्या चाकांनी." टाळ्या थांबेनात. जाड तारा मागणारी सगळी तोंडं समोर होती आणि टाळ्या वाजवत होती.

सायकल वाजतगाजत दुकानात आली. लोक पांगले. फेटा डोक्यावर तसाच ठेवून कुंडलिकानं सायकल उलटी केली. सात दिवसांत कुठली तार किती ढिली पडली हे त्याला बघायचं होतं. नव्या नवऱ्यासारखी त्याला घाई झाली होती. त्यानं कागद ओरबाडून काढले आणि पहिली तार छेडली. मग दुसरी. मग सगळ्या. बांधल्या दिवशी बोलत होत्या तशाच बोलत होत्या.

क्षणभर त्याची छाती फुगली. मग हात टायरवर गेला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते अर्धेअधिक तसेच होते. डाव्या अंगाला टायर घासून जायला पाहिजे होता. तो दोन्ही अंगांनी सारखा होता. कुंडलिकानं पाना घेतला आणि हब खोलला. सात दिवस धूळ खाल्लेलं ग्रीस काळं पडलेलं असतं. हे लोण्यासारखं पिवळं होतं.

तो खाली बसला. सोजरबाई चहा घेऊन आली तर हा तसाच बसलेला. "चाकं सात दिस फिरलीच न्हाईत," एवढंच तो म्हणाला. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा चहा तिथंच ठेवून ती पदर खोचून म्हणाली, "चला, आता ह्याच पावली."

"न्हाय. मी एकटा जातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सिदूच्या खोलीवर गेला. सिदू मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसला होता. पाय सुजले होते, ते काही खोटं नव्हतं.

"चाकं कवा बदललीस?" कुंडलिकानं विचारलं.

सिदूनं आधी न कळल्याचं तोंड केलं. कुंडलिकानं पिवळं ग्रीस लागलेलं बोट त्याच्यापुढं धरलं. तेव्हा सिदूची मान खाली गेली.

"पयल्याच रातीला. कनातीच्या आड. शेवटच्या दिशी पहाटं परत तुझी घातली. गुरप्पानं ओझ्याची चाकं आदीच आणून ठेवली हुती."

"आदीच. म्हंजे दुकानात जीव माझ्या चाकावर म्हणालास, तवाच ठरलेलं हुतं?"

"तुझं मन मोडू नये म्हणून म्हणालो रं." सिदू पाण्याकडं बघत बोलत होता. "दोस्ती येगळी, चाक येगळं. सारी पेठ म्हणती बारीक तार टिकत न्हाय, एकटा तू म्हणतोस टिकती. मधीच मोडली असती तर माझी अब्रू गेली असती."

"ओझ्याच्या चाकांच्या किती तारा तुटल्या?"

सिदूनं पाण्यातला एक पाय वर काढून परत आत सोडला. "पाच," तो म्हणाला.

"पाच तुटल्या, तरी माझी घातली न्हाईस?"

"वाटलं, जाड असून पाच तुटल्या, तुझ्या तर समद्याच तुटल्या असत्या."

हे मात्र कुंडलिकाच्या काळजात गेलं. दुनिया त्याला वेडा म्हणत होती, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण एका ताटात जेवलेल्या माणसानं, डोळ्यांसमोर जाड तारा मोडत असताना, त्याच्यावर एवढाही विश्वास टाकला नव्हता. आणि वर खांद्यावर हात टाकून, कर्ण्यावर नाव घेऊन, फेटा बांधून केसानं गळा कापला होता.

"पण तुझं काय बिघडलं?" सिदू आता जरा धीट झाला. "सात दिस तुझ्याच नावाचा गजर हुता की. दुकान चालंल तुझं. म्या तुझ्यासाठीच..."

"कर्ण्यावर जाऊन खरं सांग."

"पाय टेकला हुता म्हणून सांगू? मंग माझं काय राहतंय, कुंडल्या? आई ऐकंल तर काय म्हणंल?"

केराबाईचं नाव काढलं आणि कुंडलिकाचं तोंड बंद झालं. सिदूला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं ते काढलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला? कुंडलिक उठला. दारातून त्यानं एवढंच सांगितलं, "सायकल गड्याबरोबर पाठवतो. तू दुकानात येऊ नगंस."

सायकल त्यानं पाठवली, पण गोऱ्या साहेबाचीच गंजकी चाकं परत चढवून. स्वतःची दोन चाकं उतरवून त्यानं भिंतीला टांगली आणि त्यांच्याकडं बघायचंही टाळलं. वस्तादाच्या रिमांचा त्याला एकदम कंटाळाच आला. फेटा सोजरबाईनं ट्रंकेच्या तळाशी घातला.

आणि त्याच आठवड्यात दुकानापुढं रांग लागली. सगळ्यांना सात दिवसांची चाकं पाहिजे होती. कुंडलिकानं पहिल्या चौघांना खरं सांगून बघितलं. "ती चाकं एखादाच दिस फिरली." चौघंही हसले. आम्ही सातही दिवस तिथं उभं होतो मिस्त्री, आम्हालाच सांगताय होय, म्हणाले, आणि घरी जाऊन मिस्त्री किती नम्र आहे ते सांगितलं. पंधरा वर्षं तो खरं बोलला तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि आताही तेच.

पाचवा आला तो बिरदेव. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वाडीतून तो रोज दुधाच्या चार किटल्या सायकलीला लावून गावात आणायचा. महिन्याला त्याची एकतरी तार मोडायची आणि वाटेत दूध सांडायचं.

"मिस्त्री, आता ह्याच्यातनं सोडवा मला," तो म्हणाला. "काय बी करा, पण सिदूच्या सायकलीला हुती अगदी तसलीच चाकं घाला."

कुंडलिकानं त्याच्या वाकड्या चाकाकडं बघितलं, मग भिंतीकडं. शिडी न घेताच हात वर करून त्यानं ती दोन्ही चाकं खाली काढली.

"तसली नगं," तो म्हणाला. "तुला चांगली घालतो."

"सिदूच्यापेक्षा चांगली?"

"व्हय."

बिरदेव खूश होऊन पायरीवर बसला आणि तंबाखू मळता मळता म्हणाला, "कायबी म्हणा मिस्त्री, तुमी नशीबवान. असा दोस्त मिळायला पुण्य लागतंय." कुंडलिक खाली मान घालून हबात ताजं ग्रीस भरत राहिला.