खरखरीचा मान

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. भंगारवाला मला दोनदा उचलून बघून परत ठेवून गेला. त्यावरून माझं वय ओळखा.

सिरसाळ्याच्या शहादेवरावांनी मला लग्नात घेतलं. ते ऊसतोडीला गेले की मी त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे फडातल्या पाचटाच्या झोपडीत, राहत असे. रात्री माझी ऐट असे. दिवसा उन्हाने आभाळात एक थर तयार होतो, तो दूरच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो, वरचा थर लहरी खाली धाडतो आणि परमुलुखातली गाणी तिकीट न काढता कोपीत येतात.

खोड एकच. कुठे वीज कडाडली की तिच्या लहरी माझ्या पोटात शिरत आणि मी खरखरत असे. आपल्या उष्ण मुलुखात विजांना तोटा नाही, त्यामुळे मला थपडांचाही नव्हता. शहादेवराव आधी थप्पड मारत, मग सेल काढून उन्हात ठेवत. त्यांच्या मते या दोन उपायांनी सगळे आजार बरे होतात.

गेल्या दिवाळीआधी सोयाबीनचा ढीग शेतात लागला होता. ऊन लख्ख. घरची मंडळी कडुलिंबाखाली भाकरीला बसली आणि मी खरखरू लागलो. थप्पड पडली. मी आणखी जोरात.

"सेल उतरल्यात," म्हणत शहादेवरावांनी माझ्या पाठीला हात घातला.

"थांबा वं!" त्यांची बायको वत्सलाबाई म्हणाल्या. "कालच नवं टाकल्यात की. ह्यो असा वराडला का मागनं ईज येती. दरवेळी बघतीय मी."

"आत्या, मोबाईलात तर ऊन दावतंय," सून शिवकन्या म्हणाली.

"त्यो बीडचं दावत आसंल. ह्यो आपलं सांगतोय. उठा, ताडपत्री घ्या!"

"रेडिओचं ऐकून भाकर सोडायची व्हय?" शहादेवराव म्हणाले.

"भाकर संग घ्या. सेलाला हात लावताल तर बघा!"

कुरकुरत का होईना, ढीग झाकला, कडेला दगड ठेवले आणि सगळे रस्त्याकडेच्या स्लॅबच्या खोलीत गेले. डोंगरामागून काळं आभाळ चालून आलं. मग असा कडाका झाला की मीसुद्धा गप्प बसलो.

पाऊस उघडल्यावर बघतो तर लिंब शेंड्यापासून बुडापर्यंत चिरला होता. शहादेवराव बसले होते तिथे राहिलेली चटणीची वाटी काळीठिक्कर. सोयाबीन मात्र ताडपत्रीखाली कोरडं खडखडीत.

आता शेतात मी बैलगाडीच्या जुवाला लटकतो. मी खरखरलो की "रेडिओ वराडला, चला!" अशी हाळी शिवारभर जाते आणि विळे खाली पडतात. शहादेवरावांचा हात सवयीने वर उठतो, वाटेत थबकतो आणि माझ्यावरची धूळ झटकतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोणी म्हातारं खरखरत असेल, तर थप्पड मारण्याआधी एकदा आभाळाकडे बघा. आणि सेल वेळेवर बदला.