मुडबीच्या माळावरचं लोखंड

मृत्युंजयशेठ मूळचे फरशीचे व्यापारी. पण फरशीत देशसेवेला वाव कमी, म्हणून त्यांनी लोहखनिज शोधणारी कंपनी काढली. कंपनीत भाड्याचं ड्रिल मशीन होतं, एक जीप होती आणि शिवकन्या होती. दुबलगुंडीची ही मुलगी नुकतीच भूगर्भशास्त्रात एमएस्सी झालेली.

मुडबीच्या माळावर गुरप्पांच्या शेतात मशीन लागलं. वर तांबडा जांभा निघाला, खाली काळा पाषाण. जांभ्यात लोखंड असतंच, म्हणून तर तो तांबडा. पण भट्टीत घालण्याजोगं काही नव्हतं. शिवकन्येनं तसं स्पष्ट सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेपरवाल्यांना कळवलं की माळावर आशादायक लाली आढळली आहे.

गाव खूश झालं. गुरप्पांना लोक मालक म्हणू लागले. आता इथं पोलादाचा कारखाना येणार, तेव्हा तूर कशाला, म्हणून त्यांनी बियाणं भावाला देऊन टाकलं आणि जीपमध्ये पुढं बसायची सवय केली.

मग पुण्याहून गुंतवणूकदार आले. मंडपात टेबलावर जड, चकचकीत दगड मांडले होते. ते दगड संडूरच्या लोखंडाच्या खाणीतून, पाहुणे येण्याच्या आदल्याच दिवशी येऊन पोचले होते. शिवकन्येनं फक्त ड्रिल किती खोल गेलं ते सांगायचं, बाकी शेठ बोलणार, असं ठरलं होतं. तिनं ते सांगितलं. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात गुरप्पा उठले. शेजारच्या रानात पेरणीच्या तिफणी चालू होत्या आणि बायको, निलम्मा, घरात रोज तेच विचारत होती.

"बाई, मी तूर पेरू का न्हाई?"

शेठ हसून म्हणाले की तो विषय नंतर. शिवकन्या गुरप्पांकडं वळली.

"पेरा, अण्णा. हितं तूरच निघंल. हे टेबलावरचे दगड हितले न्हाईत."

पाहुण्यांनी गुंतवणूक केली नाही. जेवण मात्र पोटभर केलं. शिस्तभंगाबद्दल शिवकन्येची नोकरी संध्याकाळच्या आत गेली. शेठ आता जनवाड्याकडं सोनं शोधायलेत. शिवकन्या हुमनाबादला बोअरच्या जागा दाखवते.

गुरप्पांनी बियाणं परत मागून पेरणी केली, पण मालकपण घालवणाऱ्या पोरीशी ते बोलले नाहीत. पुढं शिवकन्येला निलम्माचाच फोन आला. तूर बरी आली, म्हणाली, आणि आमचे हे अजून रागातच हायत.