चाळीस चौकटी आणि एक जलेबी

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. तुमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी एक कॅलेंडर टांगलेलं आहे आणि तुमच्या हातात लाल पेन्सिल आहे. रोज संध्याकाळी तुम्ही एका चौकटीवर फुली मारता. अशा चाळीस फुल्या झाल्या की तुमचं काम संपणार. करा बघू कल्पना. फुल्या वाढत जातात तसा किती हुरूप येतो, तेही मनात आणा. म्हणजे आपल्या सानवीची चूक तुम्हाला नीट कळेल.

सानवी बडोद्याला छाणीत राहते. आई मोहना, बाबा सलील आणि आजोबा भास्करराव, अशी चौघं. आजोबांना ती आबा म्हणते. हे मराठी ख्रिस्ती कुटुंब. रविवारी सकाळी सगळे फतेगंजच्या चर्चमध्ये उपासनेला जायचे आणि येताना छाणी रोडवरच्या दुकानातून आबा फाफडा-जलेबी घ्यायचे. फाफडा सगळ्यांसाठी, जलेबी मुख्यतः स्वतःसाठी. आबांनी चाळीस वर्षं एका कारखान्यात लेथ मशीन चालवली होती. हात लोखंडासारखे, पण जलेबी दिसली की माणूस विरघळायचा.

दिवाळीत नव्या चपलेने आबांच्या पायाची करंगळी कापली. मधुमेह जुना, पाय बधिर झालेले, त्यामुळे त्यांना दुखलंच नाही. चार दिवसांनी मोजा लाल झालेला आईने पाहिला. ती जखम भरायला दोन महिने लागले. डॉक्टर म्हणाले होते की या वेळी बोट वाचलं, पुढच्या वेळी वाचेल असं मी लिहून देणार नाही. रोज चाला, गोड बंद करा, पाय तपासत जा. आबा मान हलवून घरी आले आणि रविवारी पुन्हा जलेबीच्या रांगेत उभे राहिले. आई बोलली, बाबा बोलले. आबांचं उत्तर ठरलेलं असे. अडुसष्ट वर्षं खाल्लं, आता काय नवं होणार आहे?

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा काळ हा उपवासाचा. काही जण मांसाहार सोडतात, काही जण एक वेळ जेवतात, सानवीच्या बाबांनी मोबाइलवरची क्रिकेटची मॅच सोडली होती. जेवताना आईने आबांना सहज विचारलं, तुम्ही काय सोडणार, तर ते म्हणाले की प्रभूसाठी चाळीस दिवस गोड सोडीन, पण एकट्याने जमेल असं वाटत नाही.

"मी पण सोडते," सानवी म्हणाली. तिने ती जखम रोज पाहिली होती. ड्रेसिंगची कात्री तीच धरायची.

आबांनी ताटावरून हात उचलला आणि तिच्यापुढे केला. "मग करार. दोघं टिकलो तर ईस्टरनंतरही मी डॉक्टरांच्या नियमाने चालेन. सणाला एक तुकडा, बस. पण तू मोडलंस तर मी मोकळा. मग मला कोणी अडवायचं नाही."

सानवीने उष्ट्या हातानेच हात मिळवला. आईने कपाळावर हात मारून घेतला, पण ती हसतही होती.

दिवस सुरू झाले. संध्याकाळी ऊन उतरलं की दोघं छाणी तलावाला फेरी मारायची. पहिल्या आठवड्यात आबा अर्ध्या फेरीत बाकावर बसायचे. तिसऱ्या आठवड्यात दोन फेऱ्या होऊ लागल्या. परतल्यावर ताक किंवा मूठभर फुटाणे. आबांचा चहा बिनसाखरेचा. पहिला घोट घेताना ते औषध घेतल्यासारखं तोंड करत आणि सानवी तसंच तोंड करून दाखवी. मग आबा पाय धुऊन खुर्चीत बसत. सानवी जमिनीवर आरसा धरी, म्हणजे तळपाय, बोटांच्या बेचक्या, सगळं दिसे. कुठे लाल नाही ना, कुठे चिरलं नाही ना, हे पाहून झालं की ती कॅलेंडरवर फुली मारी. शाळेत कोणी वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं तर ती ते दप्तरात ठेवून घरी आणी आणि डब्यात टाकी. डबा भरत चालला होता.

झावळ्यांच्या रविवारी मुलांनी झावळ्या हलवत चर्चच्या आवारात फेरी काढली. त्या संध्याकाळी सानवीने चाळिसावी फुली मारली. कोणाला काही बोलली नाही. ईस्टर पुढच्या रविवारी आहे हे तिला माहीत होतं. पण चाळीस म्हणजे चाळीस, आणि ते तर झाले होते. मधले दिवस उगाच रिकामे ठेवले असतील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या अनयचा वाढदिवस होता. अनयच्या आजी, जिजाबाई, स्वतः वाढत होत्या. गरम जलेबीचं ताट पुढे आलं. सानवीने एक घेतली. मग दुसरी. जिजाबाईंनी आग्रह केला म्हणून तिसरी. बोटं चाटत, उड्या मारत ती जिना उतरून घरी आली.

आबा चहाचा कप घेऊन बसले होते. त्यांनी कप उंचावून म्हटलं, "आज धरून सहा दिवस राहिले, बाईसाहेब. शेवटच्या उतारावर सायकल सोडायची नाही."

सानवीच्या उड्या थांबल्या. तिने कॅलेंडरकडे पाहिलं. मग ती आईकडे गेली आणि आपल्याला नुसतीच उत्सुकता आहे असं दाखवत तिने विचारलं, की हे चाळीस दिवस मोजतात कसे. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटता लाटताच सांगितलं की मधले रविवार धरत नाहीत, कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास मोजत नसतात. म्हणून कॅलेंडरवर सेहेचाळीस दिवस होतात. आबा रविवारीही गोड खात नव्हते, पण ते साखरेपायी. "का गं?" आईने विचारलं. "काही नाही," सानवी म्हणाली.

आता पाहा, यात तिला लबाड कोणी म्हणणार नाही. मोठ्यांना जे पाठ असतं ते मुलांना सांगायचं राहून जातं, आणि मुलं आपल्या परीने हिशेब लावतात. चूक झाली ती झाली. पण त्यानंतर सानवीने जे केलं ते मात्र समजून उमजून केलं. ती गप्प बसली. सांगितलं तर करार मोडणार, आबा मोकळे होणार, आणि मग पुन्हा ती करंगळी, ते ड्रेसिंग. न सांगितलं तर आबा नीट राहतील. गप्प बसणंच शहाणपणाचं आहे, असं तिने स्वतःला पटवलं. मंगळवारपासून तिने पुन्हा गोड सोडलं. पण आरसा धरताना ती आबांच्या तोंडाकडे पाहीनाशी झाली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट सांगितली, येशूला पकडून नेल्यावर मी त्याला ओळखत नाही असं तो तीनदा म्हणाला ती. सानवीने ही गोष्ट दर वर्षी ऐकलेली होती. या वर्षी मात्र तिला तीन जलेब्याच आठवत राहिल्या.

शनिवारी कबरस्तानात जाऊन बाबांनी आणि तिने आजीची कबर घासून पुसून ठेवली. आजीचं नाव चारुलता. ती जाऊन चार वर्षं झाली होती. ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जमतात, मेणबत्त्या लावतात, गीतं गातात आणि सूर्य उगवला की एकमेकांना सांगतात, प्रभू उठला आहे. त्यानंतर जो तो आपापल्या माणसाच्या कबरीपाशी फुलं ठेवायला जातो. आबांची एक रीत होती. ते आजीला वर्षाची हकिकत सांगत. गेल्या ईस्टरपासून या ईस्टरपर्यंत घरात काय झालं ते सगळं, मोठ्याने, शेजारी कोण ऐकतंय याची पर्वा न करता.

त्या पहाटेही तसंच झालं. पूर्वेला उजाडलं, कडुलिंबाखाली सगळे "खरोखर उठला आहे" म्हणाले, हस्तांदोलनं झाली. आई-बाबा पाळकसाहेबांना भेटून स्कूटरवरून पुढे निघाले, कारण घरी अंडा-करी आणि पुलाव करायचा होता. आबा आणि सानवी मागून रिक्षाने येणार होते. आबांनी मोगरा कबरीवर ठेवला आणि सुरुवात केली. गॅलरीतली गळती काढली. सलीलची बदली टळली. दिवाळीत माझी करंगळी जाता जाता राहिली, रागावू नकोस.

"आणि चारू," आबा म्हणाले, "यंदा आपल्या सानूने आणि मी मिळून चाळीसच्या चाळीस दिवस..."

सानवीने त्यांची बाही ओढली. आजीला खोटं सांगितलं जाणार होतं आणि तेही आबांच्या तोंडून, ज्यांना ते खोटं आहे हे ठाऊकही नव्हतं. तिला ते सोसवेना.

"आबा, असं नका सांगू. मी सोमवारी जलेबी खाल्ली. तीन."

तिने सगळं सांगितलं. फुल्या, रविवार, अनयचा वाढदिवस, आणि त्यानंतर पाच दिवस तोंडाला लावलेलं कुलूप. आबा ऐकत राहिले. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला. मग कबरीकडे वळून ते म्हणाले, "सानूचा एक दिवस हुकला, चारू. पण सांगितलं तिने." एवढं बोलून त्यांनी चप्पल घातली.

दोघं रिक्षात बसली. निझामपुरा मागे पडल्यावर आबा बोलले.

"मला रोज वाटायचं खावी. दुकानावरून जाताना वास यायचा. पण मनात म्हणायचो, एवढीशी पोर टिकली आहे. तुझ्या जिवावर ओढत होतो गं मी."

सानवीला रडू आलं.

छाणी रोडला दुकान आलं. रविवारची सकाळ, कढई तापलेली, फाफड्याची रांग पार फुटपाथपर्यंत. आबांनी रिक्षा थांबवायला सांगितली. "करार मोडला ना? मग मी मोकळा," म्हणून ते उतरले आणि रांगेत उभे राहिले. सानवीही उतरली. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. पुढची माणसं एकेक करून कागदी पुडे घेऊन जात होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मी मोडलं. तुम्ही कुठे मोडलंय? तुम्ही तर शेवटपर्यंत केलं. माझं मोडलेलं तुम्ही कशाला घेता?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दुकानदार त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता.

"आवो काका, घणा दिवसे देखाया. केटली आपुं? पांचसो ग्राम?" बऱ्याच दिवसांनी दिसलात, किती देऊ, असं तो गुजरातीत विचारत होता.

आबांनी कढईकडे पाहिलं. मग त्यांनी सानवीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला विचारा. आज ही सांगेल तेवढी."

दुकानदार वाकून पाहू लागला. मागून कोणीतरी घाई करत होतं. सानवीला आधी "नको" म्हणावंसं वाटलं. पण आज ईस्टर होता. सणाला एक तुकडा, हा नियम तर तिला पाठ होता.

"एक आपो," ती म्हणाली. "एकच. बाकी फाफडा."

दुकानदार हसला, पण त्याने कागदावर एक जलेबी ठेवून दिली आणि तिचे पैसेही घेतले नाहीत. आबांनी तिचे दोन तुकडे करून अर्धा तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली.

"आज रविवार आहे," आबा म्हणाले. "आज मोजत नाहीत. आज खाल्लीस तरी चालतं."

"म्हणून तर उद्या," सानवी म्हणाली. "माझा एक दिवस राहिलाय. तो उद्या पुरा करते, मग बघू."

आबांनी ते दोन्ही तुकडे सावकाश खाल्ले. दुकानदाराने घरी न्यायला पाव किलो बांधू का विचारलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि रुमालाला बोटं पुसली. सानवीने फाफड्याचा पुडा काखेत धरला, आबांना थांबलेल्या रिक्षावाल्याचं भाडं द्यायला लावलं आणि त्याला जायला सांगितलं. मग आजची फेरी इथूनच, म्हणत ती आबांच्या उजव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने, घराकडे चालू लागली.