लसणाच्या मुळातला सतरावा

कोरियातल्या जिंजू शहराच्या सकाळला घाई नसते. नदीवरचे धुके आधी पुलाचे कठडे सोडते, मग पलीकडच्या काठावरची छपरे, आणि ऊन बरेच रेंगाळून वनस्पतिशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर चढते. तिथे ते प्रथम दाराशी सोडलेल्या रबरी चपलांवर पडते, मग कॉफीच्या फाडलेल्या पुड्यांवर, कुणीतरी अर्धवट टाकलेल्या किंबापच्या गुंडाळीतल्या वाळलेल्या भातावर, आणि सगळ्यात शेवटी खिडकीतल्या पेल्यांवर. त्या पेल्यांच्या काठावर टूथपिकांच्या आधाराने लसणाच्या पाकळ्या बसवलेल्या असतात. पाण्यात लोंबणारी त्यांची पांढरी मुळे त्या उन्हात आतून उजळल्यासारखी दिसतात. ग्युबमला हा उजेड प्रिय होता, कारण तो काही विचारत नसे. बाकी प्रयोगशाळेत सगळेच विचारत.

"काय रे, सतराव्याला आंघोळ घातलीस का? आज बघायला येणार आहेत ना त्याला!"

ही बोमी. वयाने मोठी, म्हणून ग्युबम तिला नूना, म्हणजे ताई, म्हणे. आणि मोठेपणाचा एकही हक्क ती वाया जाऊ देत नसे.

"नूना, सकाळी सकाळी नको ना."

"मग कधी? दुपारी पेक सर तुझी आरती करत असतील."

लसणाच्या पेशीत सोळा गुणसूत्रे असतात. यात कुणाचेच दुमत नव्हते. पण नामहे बेटावरच्या लसणाच्या एका मुळात ग्युबमला एक पेशी सापडली होती आणि तिच्यात सतरा होती. त्या एका आगाऊ गुणसूत्रावर त्याचा पीएच.डी.चा प्रवेश टांगलेला होता. त्याच्या मार्गदर्शक पेक सरांनी बुसानच्या परिषदेला तसे कळवूनही टाकले होते. आज ते पहिल्यांदाच स्वतः काचपट्टी पाहणार होते.

"दुसरी मिळाली का तशी?" बोमीने विचारले.

"शोधतोय."

"एकुलता एक म्हणायचा. आणि ज्या पाकळीतून तो निघाला, ती पाकळी?"

ग्युबम एका पेल्यावरची टूथपिक सरळ करू लागला.

"खाल्लीस तू."

"सगळ्यांनीच खाल्ली."

ते खरे होते. शोधाचा आनंद साजरा करायला विभागाच्या मागच्या अंगणात डुकराचे मांस भाजले होते. मांस उरले आणि लसूण संपला, तेव्हा सरांनीच फर्मावले, "वर खिडकीत आहे की ढीगभर!" कुणीतरी पेलेच रिकामे करून आणले. विज्ञानातला तो दुर्मीळ पुरावा जाळीवर खरपूस झाला आणि लेट्यूसच्या पानात गुंडाळला जाऊन सोजू दारूच्या घोटाबरोबर गेला. ग्युबमने दुःख करायला हवे होते. त्याला मात्र आतून हायसे वाटले, आणि का वाटले याचा शोध घेण्याचे त्याने कटाक्षाने टाळले.

मन स्थिर करायला त्याने एक ताजे मूळ कापले. टोक आम्लात मऊ केले, रंगवले, वर पातळ काच ठेवली, त्यावर टिपकागद, आणि अंगठा. अंगठा सरळ खाली दाबायचा असतो. तो तसूभर बाजूला सरकला की काचेखाली दंगल उसळते.

सूक्ष्मदर्शकात वाटणी चालली होती. एका पेशीत पूर्वावस्था: दोऱ्यांचा गुंता आवरून आटोपशीर गाठोडी बांधलेली, प्रत्येकाचे जुळे आधीच तयार, आणि केंद्रकाचे पटल विरघळत चाललेले. पलीकडे मध्यावस्था: सगळी गाठोडी मधोमध रांगेत उभी, दोन्ही टोकांकडून धाग्यांनी ताणलेली. कोपऱ्यात एक पश्चावस्था: जुळी एकमेकांपासून सुटून उलट दिशांना निघालेली, बाहू मागे पसरलेले, जणू जायचे नव्हते त्यांना. खाली अंत्यावस्था: दोन ढीग, दोन नवी केंद्रके, आणि मधे उगवणारी भिंत. ना वकील, ना मामांची मध्यस्थी, तरी हिस्से बरोबर. पेशी मात्र रंगण्याआधीच मेलेली असते. ती निघालेली जुळी कधीच पोहोचत नाहीत.

"कुठाय आमचा युवराज?" पेक सर सपाता फटफटवत आत आले. "हो बाजूला."

ग्युबमने सतराव्याची जपून ठेवलेली काचपट्टी लावली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने मोजू लागले. सतरावर येऊन त्यांनी टेबलावर थाप मारली.

"शाब्बास रे पठ्ठ्या! मध्यावस्था तर अशी, की फोटो काढून भिंतीवर लावावा."

मग त्यांच्या बोटांनी, नुसत्या सवयीने, काचपट्टी थोडी डावीकडे सरकवली.

"आणि हे शेजारी कोण?"

"ते... तेही मध्यावस्थेतच आहेत, सर."

सर पुन्हा मोजू लागले. या वेळी मनात. बोमी हातातला कप तसाच धरून उभी राहिली.

"पंधरा," सर म्हणाले. त्यांनी परत मोजले. "पंधराच. अरे गाढवा, तुझा सतरावा या घरातला आहे! तुझ्या अंगठ्याने पळवून आणलाय त्याला."

बोमीला हसू फुटले, आणि ग्युबमकडे पाहताच तिने ते कॉफीत बुडवले.

"बुसानला काय सांगू मी आता? आमच्या मुलाचा अंगठा घसरतो, हा शोध लागला म्हणून?"

"सर, माझा प्रवेश..."

"आधी लसूण लाव. ते नंतर बघू."

सरांच्या 'नंतर'चा अर्थ त्या मजल्यावर सर्वांना ठाऊक होता. सपातांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. बोमीने आपला कप त्याच्यापुढे सरकवला.

"पी. गोड आहे." तिने भिंगाकडे बोट केले. "खरं सांग, इतकी जवळ होती ती पेशी. तुला कधी दिसलीच नाही?"

"नाही, नूना."

ती वळली. नवे पेले धुवायला निघून गेली. ग्युबमने डोळा पुन्हा भिंगाला लावला. तिथे ती दोन घरे तशीच शेजारी शेजारी होती, एकात एक जास्त, एकात एक कमी.

शेजारची पेशी त्याने पहिल्याच दिवशी मोजली होती.