चौकातल्या देवांचं डुक्कर

माझी थोरली लेक मिर्टिस दोरखंडवाल्याच्या घरी नांदायला गेली, त्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तिया बंदरातल्या आमच्या गल्लीने मला वर्षभरासाठी चौकातल्या देवांच्या पूजेचा मुख्य केलं. माझ्यासारख्या सुटलेल्या गुलामाला याहून मोठा मान नाही. सणाच्या दिवशी जांभळ्या काठाचा टोगा अंगावर येतो आणि एरवी नाक धरून जाणारे लोक बाजूला होऊन वाट देतात. तो काठ माझ्या बायकोने, हेदोनेने, स्वतः विणला होता.

अडचण एकच. डुक्कर कापलं की त्याचं काळीज देवांना वाहताना मुख्याने प्रार्थना म्हणायची. त्यात एक शब्द चुकला तरी सगळं पहिल्यापासून, नव्या डुकरासकट, आणि डुक्कर मुख्याच्या पैशाचं. सूर्य मावळेपर्यंत जमलं नाही तर हा मान स्काएवा खाटकाकडे जायचा.

मी मूळचा थ्रेसचा. शिळ्या मुतात कपडे तुडवायचं परीटकाम करता करता लॅटिन शिकलो, तेही शब्दांची शेपटं गिळून. गिऱ्हाइकाला धुतलेल्या झग्याशी मतलब, माझ्या बोलण्याशी नाही. देवांचं तसं नसतं. म्हणून केस पिकल्यावर मी पुदेन्स मास्तरांकडे जाऊ लागलो. अक्षरं गिरवली तीही तिथेच.

"शब्दाला काम बदललं की कपडे बदलावे लागतात," मास्तर म्हणाले. "डुक्कर पळतंय. पळणारं कोण?"

"पोर्कुस."

"ही प्रथमा. आता तू धरलंस. कोणाला धरलंस?"

"पोर्कुस."

"अरे, मग ते अजून पळतंच आहे! धरलेलं असतं ते पोर्कुम. द्वितीया. त्याची शेपटी म्हणायचं तर पोर्की. त्याला कोंडा दिला तर पोर्को. आणि त्याच्यापासून लांब उभं राहायचं तर?"

"सांगा."

"तेही पोर्को."

"एकाच कपड्यात दोन कामं?"

"गरिबी सगळीकडेच असते, बिथुस. आता त्याला हाक मार."

"डुकराला कोण हाक मारतं, मास्तर?"

"देवांना मारायचीय ना? गळा तयार कर."

"पोर्के!" मी ओरडलो, तशी खालच्या दुकानातून कोणीतरी शिवी दिली.

मग रोज हौदात कपडे तुडवताना मी पायाच्या ठेक्यावर शब्द चालवायचो. पोर्कुस, पोर्की, पोर्को, पोर्कुम. हेदोने वरून विचारायची, "एवढ्या प्रेमाने कोणाचं नाव घेतोयस रे?"

सणाला चौकात लोकरीच्या बाहुल्या टांगल्या होत्या. टोग्याचा पदर डोक्यावर घेऊन मी वेदीपाशी उभा राहिलो. चूक झाली की हात वर करायचा, म्हणून मास्तर माझ्या शेजारी. पहिलं डुक्कर पडलं. मी तोंड उघडलं आणि भीतीने देवांनाच डुकराच्या चरणी अर्पण केलं.

मास्तरांचा हात वर गेला.

फुकट गेलेलं डुक्कर देवांना चालत नाही, गल्लीला चालतं. दुसरं आणेपर्यंत पहिलं निखाऱ्यावर चढलंसुद्धा. दुसऱ्या वेळी मी छान म्हणत होतो, पण मध्येच पाववाली कालिस्ते खोकली. तिच्यामागून सगळी गल्ली खोकली. मी अडखळलो. हात वर.

"वा, बिथुस! काय गोड म्हणतोस! आणखी एकदा!" कोणीतरी ओरडलं. त्याच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती.

तिसरं डुक्कर स्काएवा स्वतः घेऊन आला. "सावकाश होऊ दे. माझ्याकडे अजून आहेत. काठ मात्र जपून ठेव हं, मला लागेल तो."

ऊन कोठारांच्या मागे उतरलं होतं. जोडपावा वाजवणारा बातो हा खोकण्यासारखे अपशकुनी आवाज बुडवायलाच असतो. पूजेत दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून त्याने सारखं फुंकत राहायचं. बातो बरगडी चोखत बसला होता. हेदोनेने ती त्याच्या तोंडातून ओढून काढली.

"तोंड कशाला दिलंय तुला? फुंक! नाहीतर ही बरगडी घशात घालीन."

बातोने असं फुंकलं की कबुतरं उडाली. गल्ली जीव तोडून खोकत होती, पण नुसतीच तोंडं हलताना दिसत होती. मी प्रार्थना सुरू केली आणि संपवली. मला माझाही आवाज आला नाही. मास्तरांचा हात खालीच राहिला.

"झालं!" ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर बरोबर."

"तुम्हाला ऐकू आलं?" स्काएवाने विचारलं.

"मी सगळ्यात जवळ उभा होतो."

स्काएवा पाय आपटत गेला. हेदोने रडली आणि मग तिसऱ्या डुकराचा सगळ्यात मोठा वाटा घरी घेऊन गेली.

मास्तरांना घरापर्यंत सोडताना मी विचारलं, "खरंच बरोबर म्हटलं का हो मी?"

"मला काय माहीत? कान अजून वाजतायत."

"अहो मास्तर!"

"हिवाळाभर माझ्या दारात बरोबर म्हणत होतास. लोकांना खोकला झाला म्हणून चौथं डुक्कर का मारायचं?"

"आणि देवांनी चुकीचं ऐकलं असेल तर?"

"वर्षभरात कळेलच."

ते वर्ष मी कसं काढलं ते मला ठाऊक. कुठे धूर दिसला की पळायचो, कोणाचं पोर शिंकलं की चौकशीला जायचो. पण आग लागली नाही, हौद फुटला नाही, मिर्टिसला मुलगा झाला. पुढच्या सणाला नव्या मुख्याने एकाच डुकरात पूजा उरकली, गल्ली उपाशी राहिली आणि मी सुटलो.

त्यानंतर चौथ्या दिवशी पुदेन्स मास्तर तापाने वारले, आणि देवांचं वर्ष किती दिवसांचं असतं हे सांगायला कोणी उरलं नाही.