गाडी देण्यापूर्वी काढून टाकावे

मी गाडीच्या अंगावरची फिल्म बोलतेय. फिल्म म्हटलं की लोकांना लगेच हिरो-हिरॉइन आठवतात, म्हणून आधीच सांगते, मी त्यातली नव्हे. नवीन गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या बॉनेटवर आणि टपावर एक पातळ, दुधाळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं ना, ते मी. नाशिकला मला कोणी फिल्म म्हणालंच नाही. सगळे प्लास्टिकच म्हणायचे. तेही चालेल.

माझं मरण जन्मतःच माझ्या अंगावर छापलेलं होतं. बारीक इंग्रजी अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं, 'गाडी देण्यापूर्वी काढून टाकावे.' म्हणजे आयुष्य फार तर दोन-तीन महिन्यांचं. कारखान्यातून कंटेनर, कंटेनरमधून शोरूमचं आवार, तिथली थोडी धूळ, थोडी कबुतरं, आणि मग एक दिवस कोणीतरी सर्रकन ओढून फेकून देणार. माझ्या सगळ्या बहिणींचं असंच झालं. मी मात्र दहा वर्षं जगले. ते माझं भाग्य होतं असं कृपा करून समजू नका.

दसऱ्याचा दिवस होता. मुंबई नाक्याजवळच्या त्या शोरूममध्ये नुसती झुंबड उडाली होती. प्रत्येकाला मुहूर्तावर गाडी हवी. त्या गर्दीत वेणीमाधवराव आणि सुधाताई आपल्या गडद निळ्या गाडीशेजारी लग्नातल्या यजमानांसारखे अवघडून उभे होते. वेणीमाधवराव सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, आणि ही त्यांची आयुष्यातली पहिली गाडी. सुधाताईंनी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर, म्हणजे माझ्याच पोटावर, स्वस्तिक काढलं.

पूजा झाल्यावर शोरूमचा माणूस पुढे आला आणि नखाने माझा कोपरा उचलू लागला. मी म्हटलं, चला, आपली वेळ झाली.

"थांबा, थांबा! ते राहू द्या," वेणीमाधवराव म्हणाले.

"काका, हे काढायचंच असतं."

"माहितेय हो. मुलगी काढेल. दिवाळीला येतेय ती."

त्या माणसाला मागे अजून गाड्या द्यायच्या होत्या. त्याने खांदे उडवले आणि माझा कोपरा परत दाबून टाकला.

घरी जाताना काचा खाली होत्या, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. सुधाताई हसत होत्या. "अहो, नोकरीला लागली आता ती. लहान आहे का?"

"प्लास्टिक काढायला वय लागतं का?" वेणीमाधवराव म्हणाले.

मग दोघांनी ओवीच्या गोष्टी काढल्या. ओवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. घरात फ्रिज आला तेव्हा ती पाच वर्षांची होती. दुपारभर त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि वरचं सगळं प्लास्टिक एकटीने सोललं. आवाज आला की खिदळायची. तेव्हापासून घरात काहीही नवीन आलं की आधी ओवीला हाक. टीव्ही, मिक्सर, गीझर, वडिलांचं कॅल्क्युलेटर, सगळ्यांची कातडी हिनेच उतरवली. एकदा तर शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आला, तर त्यांनी नको नको म्हणेपर्यंत त्याचंही काढून आली. वेणीमाधवराव हे इतक्या कौतुकाने सांगत होते की सिग्नल हिरवा झालेला त्यांना कळलाच नाही, आणि मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवून वाजवून जीव काढला.

खरं सांगते, मलाही बरं वाटलं. आजवर माझी वाट कोणी पाहिली नव्हती. मी म्हणजे फेकायची वस्तू. आणि इथे एक माणूस मला कोणाला तरी द्यायला म्हणून जपत होता.

दिवाळीला ओवी आली ती पुण्याहून बसने, दोन दिवसांसाठी. गाडी इमारतीच्या मागच्या बाजूला उभी असायची. मागचं अर्धं अंग पत्र्याच्या शेडखाली आणि पुढचं अर्धं उन्हात. ओवी पुढच्या दाराने आली, फराळ केला, आत्याकडे जाऊन आतेभावाची भाऊबीज उरकून आली आणि पुढच्या दारानेच गेली. वेणीमाधवराव दोनदा मागे येऊन मला पुसून गेले होते.

सुधाताई म्हणाल्या, "सांगायचं ना तिला!"

"सांगून काढलं तर त्यात काय मजा? दिसलं की आपणहून धावत येईल."

पंचविशीतली मुलगी प्लास्टिक बघून धावत येईल! पण हे त्यांना कोण सांगणार? माणसांची ही एक गंमत मी पाहिली आहे. ज्याच्यासाठी काही राखून ठेवतात, त्यालाच तेवढं सांगत नाहीत. समोरच्याने ओळखावं असं त्यांना वाटतं.

दिवाळीचं गुढीपाडव्यावर गेलं, पाडव्याचं पुढच्या दसऱ्यावर. नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते मला विचारा. माझा दुधाळ रंग गेला, पिवळी पडले. खाली गाडीचा रंग, वर ऊन, आणि मधे मी. त्या निळ्या रंगाला मी इतकी वर्षं चिकटून राहिले, पण तो माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही. त्याची ओढ बाहेर, जगाने आपल्याला बघावं म्हणून. मला बघायचं कोणालाच नव्हतं. लोक माझ्यातून पलीकडे बघायचे किंवा मला बघून हसायचे.

आवार झाडणाऱ्या मंगलाबाई तर दर दसऱ्याला न चुकता म्हणायच्या, "काका, वरात येऊन किती वर्सं झाली, तुमच्या गाडीची हळद काय उतरंना!"

वेणीमाधवरावही हसून म्हणायचे, "उतरवणारी यायचीय अजून."

आणि एकदा ती आली. दसराच होता. ओवी चार दिवसांची रजा काढून आली होती, आणि पूजेला आईबरोबर खाली उतरली. वेणीमाधवरावांनी सकाळीच मला शाम्पूने धुतलं होतं. झेंडूची माळ मुद्दाम बाजूला सरकवून ठेवली होती, माझा सुटलेला कोपरा दिसावा म्हणून. ओवी बॉनेटजवळ आली. थांबली. तिचा हात माझ्यावर आला. दहा वर्षांतला तो माझा सगळ्यात मोठा क्षण.

"बाबा, हे काय? प्लास्टिक अजून तसंच?"

"हो ना," वेणीमाधवराव म्हणाले. "कोणीतरी काढायला हवं."

"मग काढून टाका ना," ओवी म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसचा होता. दसऱ्यालाही त्यांचं ऑफिस बंद नसतं म्हणे. ती बोलत बोलत फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच वर निघून गेली.

सुधाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "आता तरी बोलायचं होतं हो!"

वेणीमाधवरावांनी माळ परत मधोमध आणली आणि माझा कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

मला त्या दिवशी ओवीचा राग आला. पण तिचं तरी काय चुकलं? तिला वाटलं काढून टाकावं, तिने तसं सांगितलं.

चार वर्षांपूर्वी सुधाताई गेल्या. घर माणसांनी भरलं. त्या दिवसांत कोणी माझ्यावर ओले पंचे वाळत घातले, कोणी चहाचे कप ठेवले. ओवी होती, पण तिने वर मान करून कशाकडेच बघितलं नाही, मग माझ्याकडे कुठलं बघणार? तेरावं-चौदावं झालं, माणसं गेली, शेवटी ओवीही गेली. आणि मग मागच्या आवारात उरलो आम्ही दोघंच, वेणीमाधवराव आणि मी.

ते संध्याकाळी खाली येऊन गाडीत बसायचे. कुठे जायचं नसायचं. किल्ली अर्धी फिरवून रेडिओ लावायचे, शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा उगीच सरळ करायचे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उतरायचे. उतरताना माझे सुटलेले कोपरे एकेक करून अंगठ्याने दाबायचे. "थांब जरा," असं म्हणायचे. मला म्हणायचे की आणखी कोणाला, ते मला कधी कळलं नाही. मी मात्र मला म्हणतायत असं समजून थांबायचे. उन्हाने माझ्या अंगावर भेगा पडल्या होत्या, दुसरी कोणी असती तर केव्हाच उडून गेली असती.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. गंगापूर रोडवर एकदा दुभाजकाला गाडी घासली. ओवीला कळलं, आणि तिने फोनवर निकालच दिला, "बाबा, गाडी विकायची. मी येते आणि सगळं करून जाते." सिन्नरच्या एका शिक्षकांनी गाडी पाहिली. त्यांना आवडली, पण ते म्हणाले, "वरचं ते प्लास्टिक काढा. खाली रंग कसाय ते बघू, मग पुढचं बोलू."

तर अशी, विकायच्या निमित्ताने, ओवी मला काढायला आली.

अंबडला योगेशचं गॅरेज आहे. वेणीमाधवराव प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी धरून बसले. योगेशने बॉनेटवर नख लावलं, तर माझा टिकलीएवढा तुकडा निघाला. पुन्हा लावलं, पुन्हा तेवढाच.

"लय पक्कं बसलंय," तो म्हणाला. "ताई, हे कंपनीचं असतं, गाडी इथवर येईस्तोवर. दहा वर्षं कोण ठेवतं का हे?"

ओवीने वडिलांकडे पाहिलं आणि हसली. वाईट नव्हती हसली, पण ते लागलंच. "बाबांचं असंच आहे. नवी वस्तू जपून ठेवायची, वापरायची म्हणून नाही."

मला ओरडावंसं वाटलं. अगं बाई, तुमच्या घरात एका तरी वस्तूवर प्लास्टिक शिल्लक आहे का? कोणी काढलं ते सगळं? आठव ना जरा! पण मला कुठलं तोंड?

मी वेणीमाधवरावांकडे पाहिलं. आता तरी बोला.

ते म्हणाले, "राहून गेलं खरं."

योगेशने गरम हवेचं मशीन लावलं. हवा मारायची, मी जरा मऊ पडले की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मागे राहिलेला गोंद तेलाच्या फडक्याने पुसायचा. ओवीही बाह्या वर करून नखाने मला उचकटू लागली. किती हौसेने ठेवलं होतं मला हिच्या हातांसाठी, आणि आता तेच हात वैतागून खरवडत होते. नखांत माझे कण जात होते, "श्शी" म्हणून ती हात झटकत होती. खालचा निळा रंग ठिकठिकाणी मळकट निघाला. त्याबद्दल कोणी मला बोल लावू नये. माझ्यावर काय छापलं होतं ते मी आधीच सांगितलंय.

दुपारपर्यंत बॉनेट झालं. मग टप. पुढचा भाग तसाच, खपल्या खपल्या. ओवी स्टुलावर चढून मागच्या बाजूला गेली. तिथे मी शेडच्या सावलीत राहिलेली, अजून बऱ्यापैकी मऊ होते. तिने कंटाळून कोपरा धरला, ओढला, आणि मी आले. तुकडा नव्हे, चांगली हातभर पट्टी. सर्रर्र!

ओवी थबकली. मग खिदळली. चक्क खिदळली. "बाबा! बघा, बघा! अख्खं आलं!"

वेणीमाधवराव खुर्चीतून उठले. काठी खाली पडली ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण तो आवाज ऐकू आला असणार, आणि ते हसणंही.

"अजून आहे इकडे. या, हे तुम्ही ओढा," ओवी म्हणाली.

"नको नको. तूच ओढ."

"ओढा हो, मजा येते!" तिने खाली उतरून त्यांना हाताला धरून आणलं आणि माझा कोपरा त्यांच्या बोटांत दिला. ज्या अंगठ्याने इतकी वर्षं मला दाबून बसवलं, त्याच अंगठ्यात मी. त्यांनी आयुष्यात कधी असं प्लास्टिक काढलं नव्हतं, ते काम नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी असायचं. फार जपून, हळूहळू ओढत राहिले.

"येतंय की!" ते म्हणाले. दोघंही हसत होती. मग त्यांनी ओवीकडे तोंड वळवलं, आणि मला कळलं की आता ते सांगणार. त्यांचे ओठ उघडले. तेवढ्यात योगेशने मशीन पुन्हा सुरू केलं. ते थांबेपर्यंत वेळ निघून गेली होती. वेणीमाधवराव म्हणाले, "चहा घेऊ या का?"

गाडी आता सिन्नरला गेली. ओवी पुण्याला. मी गॅरेजच्या मागच्या पिंपात आहे, मोडक्या वायपरांबरोबर आणि तेलकट चिंध्यांबरोबर. निम्मी चुरा, निम्मी गुंडाळी. भंगारवाला येतो, पण मला उचलत नाही. मला त्याचं काही नाही. मी फेकण्यासाठीच जन्मले होते. मागच्या आवारात संध्याकाळी खाली उतरून आता वेणीमाधवराव कुठे बसत असतील, एवढंच मनात येत राहतं.

जाता जाता एक काम सांगते. तुमच्यापैकी कोणी पुण्यात असेल आणि ओवी नावाची कोणी भेटली, वडील नाशिकला एकटे असतात असं म्हणाली, तर तिला सांगा. ते प्लास्टिक राहून गेलं नव्हतं. तुझ्यासाठी ठेवलं होतं. आणि जरा लवकर सांगा.