हर्शेलची फुलं

त्या वर्षी लव्हिनाने घराण्यातल्या सगळ्या कबरींसाठी फुलं केली, फक्त नवऱ्याच्या कबरीसाठी केली नाहीत.

अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरांत मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं गोत टेकडीवरच्या दफनभूमीत जमतं, गवत काढतं, कबरी सजवतं आणि तिथेच पंगत मांडून जेवतं. फुलं क्रेप कागदाची, मेणात बुडवलेली. जिच्याशी जन्मभर पटलं नाही त्या सासूलाही लव्हिना दरवर्षी गुलाबांचा हार करी. मेलेल्या माणसाशी वैर धरायचं नाही, असा तिचा नियम होता. नवऱ्यासाठी, हर्शेलसाठी, तिने तो मोडला.

झालं होतं असं. हिवाळ्यात डार्ला नर्सने चर्चच्या तळघरात बायकांना तपासणीचं एकेक पाकीट वाटलं. आतली कापसाची काडी घरीच, आपली आपण आत फिरवायची आणि नळीत बंद करून परत द्यायची. दवाखान्याची पायरी लव्हिना कधीच चढत नसे, कारण तिथे कुणाची गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोऱ्याला तिचं दुखणं कळे. शिवाय ती विधवा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका नवऱ्याबरोबरच पुरला गेला, अशी तिची समजूत होती. पण नणंदेने, ओपलने, पाकीट घेतलं आणि नणंदेच्या मागे राहणं लव्हिनाच्या स्वभावात नव्हतं.

मग डार्लाचा फोन आला. विषाणू सापडलाय, तोही कॅन्सर करणारा. कॅन्सर झालाय असं नाही, पण डॉक्टरांना भिंगातून बघू दे. काही बिघडलं असेल तर आत्ताच काढता येईल, उशीर केला तर अवघड आहे. लव्हिनाने एकच विचारलं, हा येतो कुठून? माणसाकडून बाईला, बाईकडून माणसाला, असं डार्ला म्हणाली. ती पुढेही काही सांगणार होती, पण लव्हिनाने आभार मानून फोन ठेवला.

तिने हर्शेलचा खाणीतल्या टोपीतला फोटो भिंतीवरून काढला आणि बटाट्यांच्या टोपलीमागे ठेवला. मग बसून पोटभर रडली. रडून झाल्यावर तिने संशयाला सुरुवात केली. आधी चर्चमधली ऑर्गन वाजवणारी, मग पोस्टातली, मग खाणीजवळ जेवण विकणारी. तिघींपैकी दोघी म्हाताऱ्या होत्या आणि तिसरी हर्शेलला ओळखतही नव्हती. त्याने लव्हिनाचं समाधान झालं नाही.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे चर्चचा डीकन, मानाचा सेवक असलेल्या हर्शेलने बाहेर शेण खाल्लं हे चव्हाट्यावर मांडायचं. त्यापेक्षा मेलेलं परवडलं, असं तिने ठरवलं आणि डार्लाचे फोन घेणं बंद केलं.

मे महिन्यातल्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी ओपल फुलं न्यायला आली. खोकी उघडून तिने सगळी उलटीपालटी केली.

"माझ्या भावाची कुठायत?"

"मेण संपलं."

ओपलने चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं. भांडं मेणाने भरलेलं होतं. "वहिनी, आता खरं सांग."

लव्हिनाने सांगून टाकलं. भावाचं नाव निघाल्यावर ओपल भांडेल असं तिला वाटलं होतं. पण ओपल खुर्ची ओढून बसली.

"मागे मलाही तेच निघालं होतं. नवऱ्याला उन्हाळाभर कोठीत झोपवलं. मग डार्लाने सांगितलं, ते अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. लग्नाच्या आधीचंही असू शकतं, त्याचं नाहीतर माझं. डॉक्टरने जरासा तुकडा काढला, मी बरी आहे. एर्ल अजून कोठीतच झोपतो, त्याला तिथे बरं वाटतं."

"लग्नाच्या आधीचं?"

"हर्शेलचं कसलं आलंय आधी! पोरगी समोर आली की त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुझ्याशी बोलला हेच नवल."

लव्हिना मेण ढवळत राहिली. लग्नाआधी ती ओहायोत कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिथे रेमंड नावाचा ट्रकवाला होता. हर्शेलने त्या दिवसांबद्दल कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही. चटका बसला."

त्या दिवशी तिने घरातला सगळा कागद संपवला. फोटोही पुसून भिंतीवर लावला. रविवारी हर्शेलच्या कबरीवर इतकी फुलं होती की दगडावरचं नाव दिसेना. बायको असावी तर अशी, असं लोक म्हणाले आणि पंगतीतल्या कोंबडीकडे वळले.

पलीकडे लुरीन मावशीची कबर होती. ती तरुणपणीच गेली, बायकांच्या दुखण्याने. त्या दुखण्याचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. लव्हिना तिथे बराच वेळ उभी राहिली. तिला भीती वाटत होती. ओपल ताटली घेऊन शेजारी आली.

"मंगळवारी दवाखान्यात नेते तुला. गाडी मागच्या बाजूला लावू."

"पुढे लाव."

"आणि कुणी विचारलं तर?"

"सांग, लव्हिनाचं आहे. हर्शेलचा काही संबंध नाही."

ओपलने फुलांच्या ढिगाकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. तिने वाकून एक कलंडलेला गुलाब सरळ केला.

"बरं," ती म्हणाली, "आता जेवून घे."